बोअरमध्ये सोडलेलं पाणी जातं कुठे? भूजल पुनर्भरणाची गोष्ट

(हे आपल्या पॉडकास्टच्या ३७ व्या भागाचं लेखी रूप आहे. बोलताना आलेले 'अं…' आणि मागे भुंकणारं कुत्रं काढून टाकलंय. बाकी जवळपास जसं बोलले तसंच ठेवलंय.)

आज पाहुणे कोणी नाहीत, मी एकटीच आहे. आणि विषय माझ्या कामाचाही नाही. मी दिवसभर कोड लिहिते, इंजिनिअरिंग केलंय ते कम्प्युटरमध्ये. दगडाशी माझा संबंध आला तो आमच्या अण्णांमुळे, म्हणजे वडिलांमुळे.

आमचं गाव बार्शी तालुक्यात. सहा एकर जमीन, एक जुनी विहीर आणि दोन बोअर. त्यातली एक कोरडीच गेली, दुसरी फेब्रुवारीपर्यंत चालायची आणि मग फुस्स. तीन वर्षांपूर्वी अण्णांनी ठरवलं की तिसरी बोअर घ्यायची. पाणाड्या येऊन हातावर नारळ उभा करून जागाही दाखवून गेला होता. खर्च लाख-सव्वा लाखाच्या घरात. मी म्हणाले, "अण्णा, एवढे पैसे दगडात घालण्यापेक्षा आहे त्याच बोअरचं पुनर्भरण करू. पावसाचं पाणी आत सोडू." व्हिडिओ बघितले होते ना मी! दहा मिनिटांचा व्हिडिओ: खड्डा घेतला, दगड-वाळू भरली, केसिंगला भोकं पाडली, पाणी आत गेलं, पुढच्या फ्रेममध्ये हिरवं शेत.

केलं आम्ही. शेतातून वाहणारी ओघळ वळवली आणि एका ठेकेदाराकडून खड्डा करून घेतला. पहिल्या मोठ्या पावसात पाणी घळाघळा आत गेलं, मी तर व्हिडिओ काढून सगळ्या ग्रुपवर टाकला. आणि चार दिवसांनी मोटर चालू केली तर बोअरमधून चहासारखं पाणी. आठवड्यात मोटर गाळाने अडकली. अण्णा काही बोलले नाहीत. ते न बोलणं जास्त लागलं.

तर आजचा भाग त्या फसलेल्या खड्ड्यातून निघालाय. जमिनीत पाणी मुरवणं हे शास्त्र नक्की काय आहे, ते कुठे चालतं, कुठे फसतं, आणि सगळं बरोबर केलं तरी एक प्रश्न कसा उरतो, ते बघू.

[०३:१०] आधी हे पाणी असतं कुठे?

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या डोक्यात जमिनीखाली एक तळं किंवा नदी असते. 'बोअरला झरा लागला' म्हणतो ना आपण. प्रत्यक्षात पाणी असतं खडकाच्या छिद्रांत, भेगांत आणि मातीच्या कणांमधल्या फटींत. ज्या थरात पाणी साठतंही आणि त्यातून वाहूही शकतं, त्याला जलधर म्हणतात. दोन्ही हवं. चिकणमाती पाणी भरपूर धरते, पण सोडत नाही. म्हणून ती जलधर नाही.

माझ्या भाषेत सांगायचं तर हार्डडिस्कबद्दल आपण दोन गोष्टी विचारतो: जागा किती, आणि लिहिण्या-वाचण्याचा वेग किती. जलधराचंही तेच. साठवण किती आणि वहनक्षमता किती. पुनर्भरणाची कुठलीही योजना या दोन आकड्यांवर उभी राहते किंवा पडते.

आता महाराष्ट्राचा दगड बघू. राज्याचा ८० टक्क्यांहून जास्त भाग बेसॉल्टवर आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले आणि थंड झाले. प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट, ज्याला आपण काळा पाषाण म्हणतो. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र. पण गंमत अशी की ही छिद्रं एकमेकांना जोडलेली असतीलच असं नाही आणि पुष्कळदा ती नंतर तयार झालेल्या खनिजांनी भरूनही गेलेली असतात. गारगोट्या दिसतात ना खडकात, त्या तशाच बनतात. दोन थरांच्या मध्ये कधी लाल, भाजल्यासारखी माती असते, तीही बहुतेक वेळा पाणी अडवते. म्हणजे आपल्याकडे पाणी खरं राहतं ते वरच्या झिजलेल्या भागात, म्हणजे मुरमात, आणि त्याखालच्या भेगांत.

हे वाळूसारखं नाही. भूजलाचा अंदाज बांधताना झिजलेल्या किंवा सच्छिद्र बेसॉल्टची साठवण साधारण २ टक्के धरतात. नदीकाठच्या वाळूच्या गाळाची १६ टक्क्यांपर्यंत. हे २ टक्के म्हणजे काय, ते जरा हिशेबाने बघू.

एक एकर म्हणजे अंदाजे ४,०५० चौरस मीटर. या एका एकराखाली पाण्याची पातळी एक मीटरने वाढली, तर खडकात खरं पाणी किती आलं? ४,०५० चे २ टक्के, म्हणजे ८१ घनमीटर. ८१ हजार लिटर. बस.

आणि एक एकर उसाला, पाटाने पाणी दिलं तर, वर्षाला साधारण २,००० मिलिमीटर पाणी लागतं. म्हणजे ८१ लाख लिटर. एक एकर ऊस म्हणजे शंभर एकराखालचं एक मीटर पाणी! थोडं पाणी पावसातून मिळतं, थोडं परत झिरपतं, मान्य. ते धरून निम्मं वजा करा. तरी पन्नास एकर. हा आकडा मी पहिल्यांदा काढला तेव्हा तीनदा तपासला. मला वाटलं दशांश चिन्ह चुकलं.

[०८:२५] पाणी मुरवायचे मार्ग

ढोबळ दोन प्रकार आहेत. पहिला, पाणी जमिनीवर थांबवायचं आणि त्याला हळूहळू झिरपू द्यायचं. माथ्यावर समतल चर, शेताला बांधबंदिस्ती, ओढ्यावर छोटे बंधारे, पाझर तलाव. दुसरा, पाणी थेट खाली न्यायचं: विहिरीत, बोअरमध्ये किंवा पुनर्भरण शाफ्टमध्ये.

पहिला प्रकार संथ, पण सोसणारा. माती स्वतःच फिल्टर असते. दुसऱ्यात आपण माती हा फिल्टर ओलांडून जातो, त्यामुळे तिची सगळी जबाबदारी आपल्यावर येते. आमची चूक इथेच झाली. ओघळीचं पाणी म्हणजे गाळ, पालापाचोळा, शेतातलं खत. ते आधी गाळ बसायच्या टाकीत थांबायला हवं होतं, मग दगड, खडी, वाळू अशा थरांतून जायला हवं होतं. आमच्या ठेकेदाराने गाळाची टाकी केलीच नाही, वाळूचा थर अर्धा फूट. मी काही म्हणाले नाही, कारण मला माहीतच नव्हतं.

गाळ फक्त मोटरचा शत्रू नाही. जगभरात पुनर्भरणाचं सगळ्यात मोठं दुखणं एकच: तोंड बुजणं. बारीक कण भेगांत जाऊन बसतात. पाण्यातले जिवाणू वाढून शेवाळासारखा चिकट थर धरतात. पाण्याबरोबर हवेचे बुडबुडे आत गेले तर तेही वाट अडवतात. वर, मोकळ्या तलावात बसलेला गाळ उन्हाळ्यात खरवडून काढता येतो. चारशे फुटांवरच्या केसाएवढ्या भेगेत गेलेला गाळ कोण काढणार?

दुसरा धोका दिसत नाही. ओघळीच्या पाण्यात नायट्रेट असतं, कीटकनाशकं असतात, गोठ्याचं पाणी असतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मानकाप्रमाणे मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. आपण ज्या बोअरमध्ये हे पाणी ढकलतो, तिच्या शेजारची बोअर कुणाच्या तरी घरच्या पिण्याची असते. म्हणून बोअरचं पुनर्भरण करायचंच असेल तर छताचं पाणी घ्यावं, तेही पहिल्या पावसाचं बाहेर सोडून. शेताचं पाणी फार तर विहिरीत, आणि तेही गाळून.

[१२:४०] एक टँकर, एक टेप आणि मोबाइलचं घड्याळ

मोटर अडकल्यावर मी बार्शीतल्या एका सरांना भेटले. भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेत. त्यांनी माझं सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "बोअर पाणी घेते का, हे बघितलं होतंस का आधी?"

घेते का म्हणजे? बोअर म्हणजे भोक, भोकात पाणी जाणारच ना!

सर हसले. म्हणाले, सहा इंची चारशे फूट बोअर काठोकाठ भरली तर किती पाणी बसेल, सांग. मी तिथेच मोबाइलवर काढलं. सव्वादोन हजार लिटरसुद्धा नाही. म्हणजे बोअर ही टाकी नाहीच, नळी आहे. नळीच्या टोकाला खडकाने पाणी घेतलं तर गेलं, नाहीतर नळी भरून वर उतू जाणार.

मग मे महिन्यात आम्ही चाचणी केली. टँकरने बोअरमध्ये स्वच्छ पाणी सोडलं, बोअर भरल्यावर थांबवलं, आणि दोरीला वजन बांधून दर तासाला पातळी मोजली. तासाला दहा-बारा फूट उतरत होती. ऐकायला भारी वाटतं, पण सहा इंची नळीत बारा फूट म्हणजे फक्त ६७ लिटर! तासाला दोन-तीन हंडे हो. खाली घट्ट पाषाण आणि एखादी चिंचोळी भेग, दुसरं काही नाही.

दुसऱ्या दिवशी तोच प्रयोग विहिरीवर. आमची विहीर पंचवीस फूट व्यासाची, पंचेचाळीस फूट खोल, पणजोबांच्या वेळची. कोरडी ठणठणीत होती. दहा हजार लिटरचा टँकर रिकामा केला, तळात जेमतेम नऊ इंच पाणी झालं. सहा तासांनी बघितलं तर इंचभर उरलं होतं. हिशेबाने तासाला दीड हजार लिटर. बोअरच्या वीसपटीहून जास्त. कारण विहिरीच्या कडेला मुरूम आहे, मांजऱ्या खडक आहे, आणि तिचं अंगही मोठं आहे.

अण्णा विहिरीच्या कठड्यावर बसून बघत होते. म्हणाले, "मग ती जुनी बाईच बरी की."

त्या वर्षी आम्ही विहिरीचं पुनर्भरण केलं. दोन कप्प्यांची गाळटाकी, मग खडी-वाळूचा फिल्टर, आणि पाइप विहिरीत तळाशी नेलेला, म्हणजे वरून पडून हवा मिसळू नये. खर्च नव्या बोअरच्या पावपट.

हा शोध काही आमचा नाही बरं का. सौराष्ट्रात १९८५ ते ८७ असा तीन वर्षं दुष्काळ पडला, त्यानंतर तिथे विहीर पुनर्भरणाची अक्षरशः लोकचळवळ झाली. ती पसरवण्यात स्वाध्याय परिवाराचा मोठा वाटा होता, आणि त्याचे प्रवर्तक पांडुरंगशास्त्री आठवले म्हणजे आपल्या रोह्याचे. शेतकरी आपल्या शेतातलं पाणी वळवून आपल्याच विहिरीत सोडत गेले, शेजाऱ्याचं बघून शेजारी. तिथलाही खडक बहुतांश हाच, दख्खनचा बेसॉल्ट. पुढे तिथे ओढ्या-नद्यांवर हजारो बंधारे झाले.

[१७:५०] जागा असते तेव्हा पाणी नसतं

आता खरी अडचण. आमच्या विहिरीने मे महिन्यात तासाला दीड हजार लिटर घेतलं. ऑगस्टच्या शेवटी, दोन चांगले पाऊस झाल्यावर, तीच विहीर तुडुंब होती आणि गाळटाकीतून पाणी उतू जात होतं. वरचा मुरूम भरून गेला होता. जिरवायला पाणी भरपूर, पण जागा शिल्लक नाही.

आपल्याकडच्या उथळ जलधराचा हा स्वभावच आहे. तो लहान आहे, म्हणून लवकर भरतो. आणि उतारावर आहे, म्हणून लवकर रिकामाही होतो. दिवाळीपर्यंत ओढा वाहतो ना, ते पाणी म्हणजे जलधरातूनच हळूहळू बाहेर पडणारं पाणी. त्यामुळे पुनर्भरणाचा खरा फायदा जून-जुलैत, आणि मधल्या उघडिपीनंतर जेव्हा खाली जागा झालेली असते तेव्हा. तेव्हा पडलेला पाऊस वाहून जाऊ न देणं महत्त्वाचं. तुमची गाळटाकी १५ जूनला साफ नसेल तर अर्धा हंगाम गेला असं समजा.

दुसरा गैरसमज, ओढा जितका खोल तितकं पाणी जास्त मुरतं. पोकलेन लावला की दिसायला काम मोठं दिसतं. पण ओढ्याचा तळ भूजलाच्या पातळीच्या खाली गेला, तर पाणी ओढ्यातून जमिनीत जाण्याऐवजी जमिनीतून ओढ्यात येतं. आपण ज्याला 'वा, किती पाणी साठलं' म्हणतो, ते आजूबाजूच्या विहिरींचंच पाणी असू शकतं, आता उघड्यावर, उन्हात. कुठे खोलीकरण फायद्याचं आणि कुठे नुकसानीचं, हे तिथला खडक बघितल्याशिवाय सांगता येत नाही.

जलयुक्त शिवार आठवत असेलच. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेली योजना, ९,६०० कोटींहून जास्त खर्च. २०२० मध्ये आलेल्या कॅगच्या अहवालात म्हटलं होतं की भूजल पातळी वाढवण्यावर तिचा फारसा परिणाम झाला नाही. त्यावरून राजकारण पुष्कळ झालं, ते आपण बाजूला ठेवू. मला एवढंच दिसतं की कामं मोजली गेली, खड्डे मोजले गेले, घनमीटर माती मोजली गेली. खालचं पाणी, आणि त्याहून जास्त म्हणजे उपसा, मोजणं अवघड असतं, म्हणून ते राहून जातं.

आणि तिसरा मुद्दा, जो मलाही उशिरा कळला. 'पाणी वाया जातं' असं आपण म्हणतो, म्हणजे काय? आमच्या शिवारातून वाहून गेलेलं पाणी खालच्या गावाच्या बंधाऱ्यात जातं, तिथून पुढे धरणात. वरच्याने सगळं अडवलं तर खालच्याचा बंधारा रिकामा. पाणलोटात नवं पाणी तयार होत नाही, त्याची जागा आणि वेळ बदलते. भरपूर पावसाच्या वर्षी हे कुणाला जाणवत नाही. कमी पावसाच्या वर्षी, म्हणजे नेमकं गरज असते तेव्हा, जाणवतं.

[२२:३०] जरा बाहेर डोकावू

नेदरलँड्समध्ये अॅमस्टरडॅम शहर १९५७ पासून ऱ्हाइन नदीचं पाणी आधी गाळून समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांत मुरवतं आणि पुन्हा काढून पिण्यासाठी घेतं. वाळू हेच त्यांचं धरण आणि वाळू हाच फिल्टर.

कॅलिफोर्नियात ऑरेंज काउंटीमध्ये २००८ पासून शहराचं सांडपाणी इतकं शुद्ध करतात की ते जमिनीत सोडता येतं, पुढे तेच भूजल म्हणून उपसलं जातं. २०२३ च्या विस्तारानंतर दिवसाला जवळपास ४९ कोटी लिटरची क्षमता आहे. त्यातलं काही पाणी समुद्राकाठच्या विहिरींतून दाबाने आत सोडतात, म्हणजे गोड्या पाण्याची भिंत उभी राहते आणि खारं पाणी आत शिरत नाही.

तिथली एक गोष्ट मला फार शिकवून गेली. पाणी अतिशय शुद्ध होतं, इतकं की त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमही जवळपास उरलं नव्हतं. आणि असं पाणी खाली गेल्यावर मातीच्या कणांना चिकटून शांत बसलेलं अर्सेनिक सुटून पाण्यात यायला लागू शकतं, असं तिथल्या संशोधनात दिसलं. फ्लोरिडातही ऑक्सिजन असलेलं पाणी खोल चुनखडकात साठवल्यावर त्यातल्या पायराइटमधून अर्सेनिक सुटलं होतं. म्हणजे घाण पाणी तर नकोच, पण 'चांगलं पाणी टाकलं की झालं' असंही नाही. खालच्या खडकाशी त्याचं रसायन जुळावं लागतं. आपल्या बेसॉल्टमध्ये नेमका हाच धोका आहे असं मी म्हणत नाहीये. मुद्दा एवढाच की टाकलेलं पाणी आणि काढलेलं पाणी, दोन्ही तपासायला हवं. आमच्या विहिरीचं पाणी आता वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, तपासून घेतो.

या सगळ्या ठिकाणी आणखी एक सारखेपणा आहे, आणि तो दगडाचा नाही. पाणी आत किती टाकलं, बाहेर किती काढलं, हे एकच संस्था मोजते. खातं एक, जमा-खर्च एक.

[२६:१५] आणि आपलं खातं?

भारत जगात सगळ्यात जास्त भूजल उपसणारा देश आहे. २०२३ च्या राष्ट्रीय मूल्यांकनानुसार वर्षाला सुमारे २४१ अब्ज घनमीटर, त्यातलं ८५ टक्क्यांहून जास्त शेतीला. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२० च्या कृत्रिम पुनर्भरण आराखड्यात देशभरात १.४२ कोटी कामं सुचवली आहेत. दीड कोटीच्या जवळ! ती व्हावीत. पण प्रत्येक कामाच्या शेजारी एक मोटर आहे, हे विसरून चालणार नाही.

आता परत आमच्या शेतावर येते, कारण गोष्ट तिथे संपली नव्हती.

विहीर पुनर्भरणाच्या पहिल्या उन्हाळ्यात आमची विहीर एप्रिलच्या मध्यापर्यंत टिकली. इतकी वर्षं फेब्रुवारीतच तळ दिसायचा. घरात आनंद. अण्णांनी माझ्यासमोर आईला सांगितलं, "पोरीचं डोकं चाललं." यापेक्षा मोठं अप्रेझल मला आजपर्यंत मिळालेलं नाही.

आणि पुढच्या दिवाळीत बांधाला लागून असलेल्या तात्यांनी, म्हणजे अण्णांच्या चुलतभावाने, दोन बोअर घेतल्या आणि दोन एकर ऊस लावला. विहिरीला पाणी दिसायला लागलं होतं ना. त्यांचंही काय चुकलं? पाणी आहे म्हटल्यावर पीक घेणारच. त्या वर्षी आमची विहीर जानेवारीतच आटली.

दोघांत बोलाचाली झाली. अण्णा म्हणाले, "पाणी आम्ही मुरवायचं आणि ऊस तुम्ही पिकवायचा?" तात्या म्हणाले, "अण्णा, जमिनीखाली कुठं बांध घातलाय तुम्ही?" आणि शास्त्र म्हणून बघितलं तर तात्यांचंच बरोबर होतं. जलधराला सात-बारा नसतो. मी मुरवलेला थेंब माझा राहत नाही, तो जलधराचा होतो.

कायदा काही म्हणत नाही असं नाही. महाराष्ट्राचा २००९ चा भूजल कायदा २०१४ पासून लागू आहे. शेतीसाठी आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल बोअर घ्यायला त्यात मनाई आहे. आमची स्वतःची बोअर चारशे फूट आहे. मी कोणत्या तोंडाने तात्यांना कायदा सांगणार?

मग काय उरतं? उरतं ते हिवरे बाजारने केलं. पोपटराव पवारांचं गाव सगळ्यांना माहीत आहे, पण लोक तिथले चर आणि बंधारे बघून परत येतात. खरी गोष्ट तिथल्या नियमांत आहे. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही. ऊस-केळीसारखी जास्त पाण्याची पिकं नाहीत. आणि पावसाळा संपला की गावाने मिळून पाण्याचा ताळेबंद मांडायचा: पाऊस किती झाला, जनावरं-माणसांना किती लागेल, उरलेल्यात रब्बीचं कोणतं पीक किती बसेल. आधी हिशेब, मग पेरणी. चर खणायला जेसीबी मिळतो. नियम पाळायला शेजारी लागतो.

यातली सगळ्यात उलटी गोष्ट सांगू? प्लास्टिक अंथरलेलं शेततळं. मूळ कल्पना पावसाचं पाणी साठवायची. पण अनेक ठिकाणी ते भरलं जातं विहिरी-बोअरच्या पाण्याने, उन्हाळ्यातल्या फळबागेसाठी. म्हणजे सगळ्यांच्या जलधरातलं पाणी वर काढून आपल्या तळ्यात ठेवायचं, आणि वर उन्हात थोडं उडून जाऊ द्यायचं. पुनर्भरणाच्या बरोबर उलट. आणि करणाऱ्याला दोष देता येत नाही, कारण त्याने नाही काढलं तर शेजारी काढणार, हे त्याला माहीत असतं.

[३१:४०] आम्ही काय केलं

मी एक साधं काम केलं. एका शेअर केलेल्या शीटमध्ये आमच्या भागातल्या सात विहिरींची पातळी दर रविवारी भरायला सुरुवात केली. आठवीतला माझा मावसभाऊ टेप घेऊन फिरतो, फुटामागे गुण वगैरे काही नाही, रविवारचा वडापाव मिळतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरातल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. ते तालुक्याचं चित्र कळायला उपयोगी, पण शेजाऱ्याशी बोलायला आपल्या विहिरीचा आकडा लागतो.

चार महिन्यांनी त्याचा आलेख काढला आणि प्रिंट घेऊन तात्यांकडे गेले. त्यांच्या बोअर ज्या आठवड्यात सलग चालल्या, त्या आठवड्यात आमची विहीर उतरली, हे त्यात दिसत होतं. पण त्याच आलेखात हेही दिसत होतं की आमची मोटर दोन दिवस चालली की ओढ्यापलीकडच्या म्हातारीची विहीर उतरते. ते मी लपवू शकले असते. लपवलं नाही. तात्यांनी बोट ठेवलं ते नेमकं तिथेच. म्हणाले, "म्हणजे तुम्ही पण चोरच की!" आणि हसले. त्या हसण्यानंतर बोलणं सुरू झालं.

मागच्या ऑक्टोबरला सात जणांपैकी पाच जण बसलो. पाऊस कमी झाला होता. ठरलं की पाच जणांनी ज्वारी आणि हरभरा, ठिबकवर थोडा भाजीपाला. तात्यांनी ऊस दोन एकरांवरून अर्ध्यावर आणला. दोन जण आले नाहीत, त्यांचा ऊस उभा आहे. एप्रिलमध्ये आमच्या विहिरीत तीन फूट पाणी होतं, म्हातारीच्या विहिरीतही पिण्यापुरतं होतं. हे पुनर्भरणामुळे, की ज्वारीमुळे? दोन्हीमुळे. पण मला विचाराल तर ज्वारीचा वाटा मोठा. शंभर एकराचा तो हिशेब आठवा.

[३५:०५] तुमच्याकडे करायचं असेल तर

थोडक्यात सांगते. पहिलं, चाचणी. पाणी सोडून बघा, तासाला किती उतरतं ते लिहा. जी जागा पाणी घेत नाही तिथे कितीही सुंदर फिल्टर बांधा, उपयोग नाही. दुसरं, छताचं पाणी आणि शेताचं पाणी वेगळं ठेवा. १०० चौरस मीटरच्या छतावर ६०० मिलिमीटर पाऊस म्हणजे ६० हजार लिटर, गळती धरून पन्नास. घराला ते खूप आहे, उसाला काहीच नाही. तिसरं, गाळटाकी जूनच्या आधी साफ. दरवर्षी. पुनर्भरणाची कामं बांधताना नाही, विसरल्यावर मरतात. चौथं, पाणी तपासून घ्या. आणि पाचवं, ज्यांच्या मोटरी तुमच्या विहिरीच्या आसपास आहेत, त्यांची नावं कागदावर लिहा. तुमचा जलधर म्हणजे तो कागद.

तिसरी बोअर आम्ही घेतली नाही. नारळाने दाखवलेली जागा अजून तशीच आहे, तिथे आता आईने शेवगा लावलाय. अण्णा मात्र अधूनमधून तिकडे बघतात, ते मला कळतं. यंदा पाऊस नाही झाला तर ते पुन्हा विचारतील. आणि तेव्हा माझ्याकडे उत्तर म्हणून फक्त शीट आहे आणि तात्या आहेत.

तुमच्या विहिरीची आजची पातळी मोजा आणि कळवा, फूट-इंचात चालेल. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.